माणसाची दोरी, मालाची दोरी

१२ सप्टेंबर

थाळी: पाण्याला टेकली की दिसेनाशी. दृश्यता शून्य.

दादाची ही पांढरी इनॅमलची थाळी. दोरीला बांधून सोडायची, दिसेनाशी झाली की पाणी कळलं. आज नदीने ती बोटभरही दाखवली नाही.

शोधपथकाने गळ गुंडाळले. वरच्या धरणाचे दरवाजे उघडे आहेत, आता नदीच काय ते देईल म्हणाले. नदी देणार. घेऊन बसली आहे, ती देणार म्हणे.

आणि दादा पाण्यात गेला कशासाठी, तर मुकुटासाठी. विसर्जनाआधी मूर्तीचे दागिने उतरवायचे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या गल्लीच्या मंडळाने डीजेच्या नादात चांदीच्या मुकुटासकट गणपती कन्हान नदीत सोडला. सकाळी आठवण झाली. मग काय, आमच्या नंदनवन वस्तीत पाणबुड्या राहतोच, दादा.

मी मौद्याला कामावर होते. फोनवर सांगितलं, दादा, पुराच्या पाण्यात काही दिसणार नाही, डिसेंबरपर्यंत थांब. तर म्हणाला, "तोपर्यंत मुकुट रेतीत जाईल वं. देवाचं काम हाय, नाही कसं म्हणू?"

नाही म्हणायचं. असं म्हणायचं.

१५ सप्टेंबर

प्रकाशभाऊ आले. मंडळाचे अध्यक्ष. त्या दिवशी नावेत दोरीचं टोक यांच्याच हातात होतं.

"तीन झटके आले ताई, म्हणजे वर घ्या. आम्ही ओढली. कुठंतरी अडकली, अन् तुटून हातात आली. म्या सोडली नाही, गणपतीची शपथ."

वहिनी आतूनच बोलली, "तुम्हीच सोडली. माह्या घरात पाय ठेवू नका."

ते चहा न घेताच गेले. मी थांबवलं नाही.

दादाचा नियम होता, दोन दोऱ्या. नारिंगी माणसाची, ती कमरेला. पांढरी मालाची, तळातली वस्तू वर ओढायला. माणसाची दोरी पाण्याखाली कमरेवरून सोडायची नाही, जीव गेला तरी. मला बुडी मारायला शिकवताना पोहण्याच्या तलावात शंभरदा घोकून घेतलं होतं. त्या दिवशी पांढरी टेम्पोतच राहिली म्हणे. मग उतरलाच का? आणायला पाठवायचं कोणाला तरी. पण मंडळ ताटकळलं होतं ना.

८ ऑक्टोबर

थाळी: एक वीत. दुधाच्या चहाचा रंग. ओढ अजून आहे. उतरण्यासारखं नाही.

प्रकाशभाऊंचा फोन. जेवता की नाही, वहिनी कशा आहेत, सगळं विचारलं. "पाणी साफ होऊन राहिलं का ताई?" मला क्षणभर बरं वाटलं, कोणीतरी विचारतंय. ठेवता ठेवता म्हणाले, "मुकुटाचं बी पाहजा."

२ नोव्हेंबर

थाळी: एक हात. पहाटेच जाऊन आले, विधीच्या आधी.

देह सापडला नाही म्हणून पुतळाविधी झाला. वहिनीच्या वडिलांनी ठरवलं. पळसाच्या पानांचा माणूस केला, डोक्याला नारळ. आणि त्याला दादाचं नाव. नातेवाईक बघत होते, मीही बघत होते. सहा फुटांचा माणूस, परातीएवढ्या जाळात संपला. कोणीतरी मठ्ठा छान झालाय म्हणालं.

संध्याकाळी वहिनी म्हणाली, "आता झालं. तू त्या पाण्यात जाऊ नको वं माया. सापडला तर त्याले पुन्हा जाळू का मी?"

तिचं पानांवर भागलं असेल, माझं भागत नाही. असलं काही तिला बोलायचं नसतं म्हणून इथे लिहिते.

२९ नोव्हेंबर

थाळी: दोन हात होती परवा. काल अवकाळी बरसला. आज पुन्हा वीतभर.

नदीलाही आत्ताच सुचायचं होतं. हवेच्या टाक्या भरून आणलेल्या, तशाच पडल्या आहेत.

प्र. चा फोन. उचलला नाही.

२१ डिसेंबर

थाळी: तळापर्यंत दिसली. वर्षातलं सगळ्यात चांगलं पाणी. आणि बर्फासारखं गार.

देवरावांची नाव घेतली. ते कन्हानचेच, मासे धरतात, दोरी धरायचंही जमतं. वहिनीला तलावावर पोहण्याचा क्लास आहे सांगितलं.

पुलाच्या खालच्या अंगाला, जिथून रेती उपसून नेली त्या खड्ड्यात उतरले. तळाला गणपतींचे सांगाडे. माती कधीच विरघळली, लोखंडी सळया राहिल्या, एकात एक अडकून. त्यांच्या मधोमध मुकुट. काळा पडलाय.

मुकुटाला दोरी होती. नारिंगी.

हातभर तुकडा, टोक सळईवर घासून तुटलेलं. मुकुटाकडची गाठ दादाची. तो डावखुरा, गाठ उलटी मारायचा. मी ती गाठ झोपेतही ओळखेन.

म्हणजे पांढरी नव्हती म्हणून त्याने कमरेची सोडली, मुकुटाला बांधली आणि तीन झटके दिले. आधी देव वर जाऊ दे, मग मी. काहीही दिसत नसताना. मूर्ख. मूर्ख माणूस. आयुष्यभर मला नियम शिकवले, आणि.

प्र. खरं बोलत होते. त्यांनी सोडली नव्हती.

मास्क आतून भरायला लागला तेव्हा कळलं की मी रडतेय. गाठ सोडवली नाही. मुकुट तिथेच ठेवला. दादा तिथे नव्हता. खड्डा पुढे आणखी खोल जातो, तिथपर्यंत हवा पुरणार नव्हती.

देवरावांनी विचारलं, "काही दिसलं का बाई?" नाही म्हटलं.

२२ डिसेंबर

प्र. चा फोन. आज उचलला. "ताई, लोक म्हणून राहिले पाणी काचेसारखं झालं. एकदा पाहून या ना."

मी म्हटलं, अजून गढूळ आहे.

मुकुट दिला तर गाठ दाखवावी लागेल, ती सोडवायला माझा हात धजणार नाही. प्र. सुटतील, गल्लीभर सांगत फिरतील. त्यांनी सुटू नये असं मला वाटतं, स्पष्टच लिहिते. मुकुट विसरले तेच ना? पण त्यांच्यापेक्षा काळजी वहिनीची. त्यांच्यावरच्या रागावर ती उभी आहे. तो राग काढून घेतला तर खाली उरतं काय, तर तिच्या नवऱ्याने मुकुटाला आधी वर पाठवलं. हे तिला कसं…

वहिनी पोळ्या लाटत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "खोटं काहून बोलली?"

दांडीवर माझा ओला सूट वाळत होता, तो तिने कालच पाहिला असणार. काय सापडलं ते तिने विचारलं नाही. पोळी तव्यावर टाकली, उलटली, खाली काढली.

"उद्या पुन्हा जाशील?"

"हो."

"दोन दोऱ्या घेऊन जाजो."

दोन्ही काढून दाराशी ठेवल्या आहेत. नारिंगी माझ्या कमरेला. पांढरीला काय बांधायचं, ते अजून ठरलेलं नाही.