कर्णधाराचं ताट

किन्हीराजा, मंगळवार

आमचे एकुलते एक मेहुणे दौलतराव यांना पुंजाजीचा रामराम.

तुमचा गुडघा, म्हैस आणि सूनबाई (क्रम तुमचाच) बरे असतील असं धरून चालतो. तुमच्या ताई, म्हणजे आमच्या सोजरबाई, ठणठणीत आहेत. बोलणं सुरूच आहे.

पत्राला कारण काही नाही. गावानं कबड्डीतला भेदभाव मिटवला, एवढं कळवावं म्हटलं. गेल्या साली बौद्धपुऱ्यातली पोरं संघात घेऊन तुमच्या मंगरूळपीरला फायनल गाठली, तेव्हाच तो मिटला अशी माझी समजूत होती. पण परवा कर्णधार धम्मरत्न म्हणाला, "काका, खेळाले येतो, पन मामाच्या घरी जेवाले येत नाही." काहून, ते मी तुम्हाला काय सांगू? (फायनलच्या दिवशी तुमच्याकडे आत सात ताटं, ओसरीवर त्या पोरांना पाच पत्रावळी. तुम्ही म्हणालात, ओसरीवर वारा चांगला आहे. मग तुम्ही आत काय करून राह्यले होते?) पोरगा उपाशी खेळला आणि आपण एका गुणानं हरलो.

म्हणून कबड्डी मंडळाचा सचिव या नात्यानं मी सभा बोलावली. समतेवर पाऊण तास बोललो. एकमेकांच्या तंगड्या धरताना जात विचारतो का, वगैरे. टाळ्याही पडल्या. मग आमच्याच घरून चहा आला: आम्हाला स्टीलचे ग्लास, त्या पोरांना कागदी कप. दौलतराव, दोन घोट पोटात गेले तरी माझ्या ध्यानात आलं नाही! धम्मरत्न हसला, तेव्हा दिसलं. तुमचा भाचा शिवम उठला, ग्लास ठेवला, कागदी कप घेतला. पाठोपाठ सगळ्या पोरांनी तेच केलं. ग्लासवाले उरलो मी आणि सरपंच, त्यात सरपंच माझ्याकडे पाठ करून बसलेले. (घरी येऊन ओरडलो, तर सोजरबाई म्हणतात, "कप तं तुमीच आनले व्हते दुकानातून." हे खरं आहे, पण सभेत सांगण्यासारखं नव्हतं.)

थोरांना नमस्कार, म्हशीच्या पाठीवर हात फिरवणे.

तुमचा,
पुंजाजी

ता. क. रविवारी तुमच्याच गावी सामना आहे. बारा पोरं आणि मी दुपारी तुमच्याकडे जेवायला. सगळे आत, एका ओळीत, स्टीलच्या ताटात.

ता. क. २: ताटं कमी पडतात म्हणू नका. तुमच्या वास्तुशांतीला मी दिलेली एकावन्न ताटं माळ्यावर आहेत. प्रत्येकावर माझं नाव कोरलेलं आहे.

ता. क. ३: धम्मरत्नला मी काही बोललेलो नाही. आमंत्रणाचा फोन तुम्ही स्वतः करायचा. नंबर शिवमनं पत्राच्या मागे लिहिलाय. धम्मरत्न जेवायला आला नाही तर सगळी पोरं स्टँडवर वडे खाणार आहेत, आणि त्यांच्यासोबत मीही. वड्यानं मला काय होतं, ते तुमच्या ताई फोनवर सविस्तर सांगतील.