तेलगिरणीचा उतार

गुरुवार संध्याकाळ, मुरगूडहून परत आल्यावर

चहा केला, तो तसाच गार झाला. तो उतार काही डोक्यातून जात नाही.

मुरगूडजवळच्या जुन्या तेलगिरणीचं हॉटेल झालं, आराखडे माझे. दगडी भिंती ठेवल्या, सागवानी तुळया ठेवल्या, धुराडंही ठेवलं. बघणारे वाहवा करतात. म्हणून आज दत्तूमामांना मुद्दाम दाखवायला नेलं. त्यांनी तिथं चाळीस वर्षं घाणा चालवला.

दारातच त्यांनी चपला काढल्या. म्हटलं, "असू दे मामा, आता तेल नाही सांडत." ऐकलं नाही. घाण्याच्या खोलीत आता जेवायची टेबलं आहेत. तिथं ते पायाची बोटं रोवून, अंग मागं टाकून चालायला लागले आणि चौथ्या पावलाला सपाट फरशीवर पडले.

सांडलेलं तेल वाहत कोपऱ्यातल्या खड्ड्यात जमावं म्हणून त्या जमिनीला उतार होता. टेबलं डुगडुगतील म्हणून मी तो भरून घेतला. नकाशावर माझ्याच अक्षरात एक ओळ आहे, जमीन समपातळीत घेणे. एवढीच. हात जरासुद्धा थांबला नव्हता.

हॉटेलचे मालक हसले. "वय झालं मामांचं." उतार मीच काढला, एवढं सांगायला किती वेळ लागतो?

मामा उठले, गुडघा झाडला आणि मलाच हात जोडले.

"चुकलं बाई माझं. मला वाटलं, उतार हाय."