औशाच्या अलीकडे जीप आणू नकोस

मुक्काम: रेणापूरच्या अलीकडे, तुरीच्या शेतातला एक आखाडा

तीर्थरूप अण्णादादास,

नीलम्माचा शरणार्थ. वडील भावाला साष्टांग नमस्कार लिहायचा रिवाज आहे, पण डॉक्टरांनी मला वाकायची मनाई केली आहे आणि तुला खोटं लिहिणार नाही. वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुझी साखर? (पेढा खाऊन तपासू नकोस.) इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे मी उभी आहे आणि तुझे दाजी आडवे आहेत, पण खुशाल आहोत.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी हूं हूं करते. काल "जागचे हलू नका, मी जीप घेऊन येऊन राहिलो" एवढं बोलून तू फोन ठेवलास, माझं तोंड उघडंच राहिलं. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. या शेताचे मालक अजीजभाई सोयाबीनचा टेम्पो घेऊन तुमच्या औशाच्या मोंढ्यात निघालेत, त्यांच्या हाती हे देते. पूर्ण वाचून होईपर्यंत जीपची किल्ली खुंटीवर ठेव.

तुला कळवलं कुणी ते मला माहीत आहे. आरतीनं. (सून माझी गुणाची आहे, तेच तर दुखणं आहे.) गेल्या वर्षी माझं मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती मला कशालाच हात लावू देत नाही. सुरुवातीला बरं वाटलं, कशाला नाकारू. आयता चहा, आयती भाकर. पण ते संपेचना. पाण्याचा तांब्या उचलला की कुणीतरी झडप घालतं. पीठ मळायला बसले की परात ओढून नेतात. लग्नाला गेले की आधी खुर्ची पुढे येते, मग माणसं. किराणा काय आणायचा हेसुद्धा मला विचारत नाहीत, जसं काही साबण कोणता हे ठरवायला मणका लागतो. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, आता चाला, बेताचं ओझंही उचला. त्यावर आरतीचं म्हणणं, डॉक्टरांना आपल्या घरातलं काय ठाऊक.

म्हणून आमच्या उदगीरच्या चालणाऱ्या मंडळींनी कंधारच्या किल्ल्यापासून औशाच्या किल्ल्यापर्यंत पायी जायचं काढलं, तेव्हा सगळ्यांत आधी मी नाव दिलं. वीरभद्र सर आमचे पुढारी (शाळेत पीटी शिकवायचे, शिट्टी अजून गळ्यात आहे). त्यांचा नियम असा की नवराबायकोनं जोडीनं यायचं, जोडीमागे एक स्टोव्ह, एक ताडपत्री, भांडी, अंथरूण, आणि हे सगळं ओझं दोघांनी वाटून घ्यायचं. वाटून! अण्णा, तो शब्द ऐकून मला रडू आलं. वर्षभरात मला कुणी काही वाटून दिलं नव्हतं.

सॅक दाजींनी भरल्या. मोंढ्यात धान्याची आडत करणाऱ्याचा हात तो, पोतं कसं भरायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको. माझी सॅक अशी गुबगुबीत झाली की त्यांच्यापेक्षा माझीच मोठी दिसायला लागली. "स्टोव्ह, डबे, भांडी तुझ्यात. बाकीचं माझ्यात. निम्मंनिम्मं," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर चढवली आणि मी चालू लागले. काय सांगू तुला! पाठ दुखेना, खांदे भरेनात. मला वाटलं, ऑपरेशननं मला नवी बाई करून पाठवलं. बाकीच्या बायका दर मुक्कामाला खांद्याला तेल लावत बसायच्या आणि मी त्यांना शिकवायची की ओझं पाठीवर नसतं, मनात असतं. (हो, हे मीच बोलले. आमच्यातल्या सिंधुताईनं ते वहीत लिहूनही घेतलं.) अहमदपूरला सरांनी सगळ्यांपुढे शिट्टी वाजवून माझं कौतुक केलं. सॅक उघडायचं काम मात्र दाजी मला करू द्यायचे नाहीत. "वाकू नको, मी काढतो." मला वाटलं, माया आहे.

मग परवा एका गावच्या शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम पडला. दाजी दूध आणायला गेले होते. सरांचा स्टोव्ह पेटेना, सगळे चहावाचून बसलेले. मी म्हटलं, त्यात काय, आमचा आहे की माझ्या सॅकमध्ये. अंगात आल्यासारखी उठले, सगळ्यांसमोर दोरी सोडली, वरची चादर काढली. खाली मुरमुरे. चादरीखाली मुरमुरे, त्याखाली मुरमुरे, तळाला एक उशी आणि उशीच्या खोळीतसुद्धा मुरमुरे. स्टोव्ह नाही, डबा नाही, चमचा नाही. आख्खा व्हरांडा सॅकमध्ये वाकून बघायला लागला. मग सिंधुताईनं विचारलं की कांदा आहे का कुणाकडे, आणि अण्णा, त्या माणसांनी माझी बेइज्जती कांदा-शेंगदाणे घालून खाल्ली.

दाजी दूध घेऊन आले आणि काय चाललंय हे न बघता त्यांनीही एक मूठ तोंडात टाकली.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"मुरमुरे हायत की."

"ते दिसून राहिलं. माझ्या पाठीवर काय करून राहिलेत?"

तर म्हणतात, "तुला झेपलं नसतं, नीला."

पोतं वरून भरलेलं आणि आतून हलकं असलं की लांबून ओळखायचं, यात ज्यांची हयात गेली, त्यांनी तोच धंदा माझ्याशी केला. मोंढ्यात कुणी असं केलं असतं तर त्याला दारात उभं केलं नसतं. मी रात्री बोलले नाही, सकाळी बोलले नाही. वाटेत एका फाट्यावर सोयाबीन खरेदीचा काटा लागला. तिथं मी थांबले, दोन्ही सॅक रिकाम्या केल्या आणि काटेवाल्याला म्हटलं, भाऊ, बरोबर निम्मं करून दे. तो बिचारा विचारायला लागला की माल कोणता. वीरभद्र सर शिट्टी हातात धरून नुसते बघत राहिले. दाजींनी पुढं होऊन काट्याचा आकडा वाचला. काट्यावर दिसलेल्या वजनाशी वाद घालायची आडत्याला सवय नसते. स्टोव्ह मी घेतला, डबे मी घेतले, ताडपत्री त्यांना दिली. आणि तिथून पुढं माझी पाठ दुखायला लागली. अशी दुखली, अशी दुखली की मला फार बरं वाटलं.

पण दुपारी उसाच्या फडाजवळ दाजी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तसेच राहिले. वरही येईनात, खालीही बसेनात. रस्त्यावर नजर लावून, हात लोंबते सोडून काटकोनात उभे. मोटारसायकलवरचे दोघं थांबले. "काका, काय हरपलं?" दाजींच्या तोंडून शब्द निघेना, तर ते दोघंही उतरून धुळीत शोधायला लागले. मागून आलेली एक आजी पण शोधायला लागली. (किल्ली असेल, असं तिचं मत.) शेवटी आम्ही त्यांना तसंच उचलून या आखाड्यावरच्या खोपीत आणलं आणि बाजेवर एका कुशीवर ठेवलं.

आता ऐक. रेणापूरहून डॉक्टर आले, सुई दिली आणि विचारलं, याआधी कधी तपासलंत का. दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, हो. माझं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात माझ्याच डॉक्टरांकडून त्यांनी स्वतःच्या पाठीचा फोटो काढून घेतला होता. त्यांचीही गादी सरकलेली, त्यांनाही ऑपरेशन सांगितलेलं. वर्षभर हा माणूस माझा तांब्या, माझी पिशवी, माझी खुर्ची उचलत होता आणि वर मुरमुरे भरत होता. मी विचारलं, सांगितलं का नाही? म्हणाले, "तुझं बघून राहिलो ना. मलाबी तसंच बसवून ठेवतील सगळे." अण्णा, मी त्यांच्यावर फार चिडले. नंतर त्यांच्या बाजेला टेकून रडलेही. रडले ते लिहिलं नसतं, पण अजीजभाईंनी बघितलंय, ते सांगतील.

आज सकाळी दाजी उठले, सरळ उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, सावकाश चालू द्या, उचलू मात्र काही नका. लगेच आमची मंडळी धावली. एकानं त्यांची टोपी घेतली, एकानं पाण्याची बाटली, सरांनी तर काठीही काढून घेतली. दाजींचा चेहरा मी बघितला. तो चेहरा मी वर्षभर आरशात बघितलाय. मी सगळ्यांना बाजूला केलं, बाटली त्यांच्या हातात परत दिली, काठी दिली, आणि विचारलं, अजून काय घेणार? म्हणाले, चहाची पुडी. दिली. बाकीचं मी घेतलंय. सर आणि सिंधुताई थोडं वाटून घेतायत, वाटून घेण्याला माझी ना नाही.

तेव्हा जीप आणू नकोस. आम्ही थांबत थांबत येऊ, दिवस लागले तर लागू देत, पण औशाच्या किल्ल्याच्या दाराशी पायी येऊ. आरतीला सांग, सासूला काही झालेलं नाही. आणि तूही काही सांगू नकोस, कारण मी ऐकणार नाही.

तुझी धाकटी,
नीलम्मा

ता. क. जीप आण. पण औशाला, किल्ल्याच्या दाराशी, त्याच्या अलीकडे नाही. तिथून घरी जायचं नाही, तसंच लातूरला दवाखान्यात. दाजी तयार झालेत. अट एकच, हातातली पिशवी त्यांना विचारल्याशिवाय कुणी घ्यायची नाही.

ता. क. दुसरं. वहिनींना गाडीत आणू नकोस, त्या रडतील. नको, आण. गुडघ्यांना जपून बसव.

ता. क. शेवटचं. माझ्या वेळी ऑपरेशनच्या खोलीबाहेर दाजी बसले होते. एकटेच बसले, सकाळपासून, हे मला आत्ता फोनवर आरतीकडून कळलं. आता बाहेर मी बसणार. स्टोव्ह मी उचलते, डबे मी उचलते, हवं तर त्यांनाही उचलीन. ते बाहेरचं बसणं मात्र मला एकटीला पेलणार नाही. तू ये, अण्णा.