पान लागलं

१ जुलै, मंगळवार

आज तंबाखूचा वर्ग. उपकेंद्रात जागा नाही, म्हणून अंगणवाडीत. बायका बऱ्या जमल्या. पुरुष एकच, तात्या. तेही दारात उकिडवे, मांडीवर पानाची चंची. मी तोंडाच्या कॅन्सरचं चित्र वर धरलेलं आणि हे शांतपणे पानाला चुना लावताहेत. म्हणाले, "म्याडम, तुमचं चालू द्या. तोंड कामात हाय, कान मोकळं हाईत." सगळ्या हसल्या. मीही. चिडायला हवं होतं.

त्यांची सून अलका पुढच्याच रांगेत. नवरा मुंबईला. प्रश्न विचारणारी एकटी तीच. वर्गात अशी एक मिळाली तरी मला पुरते.

पुढच्या मंगळवारी सर्पदंश. विषय वरून आलाय. वरच्यांना काय माहीत, इथली सिस्टर, म्हणजे मी, न्हाणीत जातानासुद्धा आधी काठी आपटते. सांगलीत दुसऱ्या मजल्यावर वाढलेली मी. साप पाहिला तो चित्रात.

५ जुलै

क्वार्टरच्या मागच्या पायरीवर कात. अख्खी. ओरडले तर रंजनाताई (आमच्या आशा सेविका) धावत आल्या. काठीनं उचलून बांधाकडे टाकली. "लांबडं गेलं म्याडम. कात टाकली की त्ये हितं ऱ्हात न्हाई." लांबडं म्हणे. नाव घ्यायचं नाही इथे.

आई फोनवर: बदली माग. बदली काय कोथिंबीर आहे, मागितली की वर घालून द्यायला?

पाय वर घेऊन लिहितेय.

८ जुलै, मंगळवार

झाला एकदाचा सर्पदंश. पोस्टर हात लांब करून, कडेला धरून दाखवलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सांगितलं: बांधू नका, कापू नका, देवऋष्याकडे नेऊ नका. माणसाला झोपवा, हलू देऊ नका. १०८ ला फोन करा. नाहीच लागला तर मला.

सगळ्या आपल्या "जनावर, जनावर." मला इरेला पेटल्यासारखं झालं. म्हटलं, नाव घेतल्यानं काही होत नाही. म्हणा, साप. एक ओठ हलेना. मग अलका. मोठ्यांदा, "साप!" तिच्या मागून बाकीच्या, पदरात हसत. तिची सासू हौसाबाई दोन्ही कानांवर हात ठेवून, "नगं गं बायांनो. नाव घेतलं की येतंय त्ये."

घरी येताना ऐटीत आले. भित्र्या माणसाला दुसऱ्याची भीती घालवता आली की फार भारी वाटतं. न्हाणीपाशी काठी आपटलीच, ते सोडा.

११ जुलै, दुपार

लसीकरण वाडीवर. पोरांचा गलका, त्यात अलकाचा फोन. "म्याडम, आमच्या तात्यास्नी पान लागलंय." मला हसूच आलं. एवढा वर्ग ऐकून पान लागलं! चक्कर येतेय का विचारलं. "व्हय. घाम सुटलाय, मळमळतंय बी." म्हटलं, चूळ भरायला लाव, झोपव, हलू देऊ नकोस, उतरेल तासाभरात. "उतरंल न्हवं म्याडम?" दोनदा विचारलं तिनं. उतरेल गं.

उद्या तात्यांची चंचीवरून फिरकी घ्यायची.

११ जुलै, संध्याकाळ

रंजनाताई धापा टाकत आल्या. "म्याडम, तात्यास्नी पान लागलं. जीपनं सातारला नेलं." पानानं साताऱ्याला? त्यांनी दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून, "आवं, पान म्हंजी तसलं. घोणस. गंजीतनं कडबा वडताना. चावल्यावर तर नाव घ्याचंच न्हाई, म्हनून पान लागलं म्हंत्यात."

हात खांद्यापर्यंत सुजलाय. हिरड्यांतून रक्त. दुपारभर घरात झोपवून ठेवलं होतं.

मी म्हटलं होतं झोपव. मी म्हटलं होतं उतरेल.

तिला वाटलं असणार, विष

१२ जुलै

साताऱ्याहून निरोप: लघवी बंद आहे. डायलिसिस. मुलगा मुंबईहून थेट तिकडे गेला.

रंजनाताईंनी विचारलं, "अलका म्हनती, म्याडमनीच झोपवा म्हनून सांगितलं. तुमी कशाला असं सांगताय! वर्गात तर दवाखान्यात न्या म्हनला." माझ्या तोंडून आपोआप निघालं, "रेंज नव्हती हो. नीट ऐकूच आलं नाही."

त्या म्हणाल्या, "तेच म्हनलं म्या. अलकीच खोटारडी." आणि माझ्यासाठी चहा टाकला. प्यायले मी तो.

१५ जुलै, मंगळवार

वर्गाला कुणी नाही. सतरंजी अंथरली, तशीच गुंडाळली.

गावात एकच. नाव घेतलं म्हणून आलं. आणि पहिलं नाव अलकानं घेतलं. हौसाबाई नळावर सगळ्यांसमोर: "हिनंच हाळी मारली, त्ये आलं. वर म्हातारा तळमळत पडल्याला आन् ही म्हनती उतरंल, उतरंल." तिला माहेरी आटपाडीला धाडणार. परत आणायचं की नाही ते नंतर बघू, असं नवऱ्यानं साताऱ्यावरून कळवलंय.

एक वाक्य. मी एक वाक्य बोलले की ती घरात राहील. आणि माझं काय होईल? कंत्राटी माणूस मी. चौकशी, पेपरात नाव, तात्यांना काही झालं तर पोलीस. विचार थांबत नाही.

आधी सळसळ झाली की दचकायचे. आता बाहेर चपला वाजल्या की.

१७ जुलै

एसटी स्टँडवर अलका. गाठोडं, एक पिशवी. मी तोंड चुकवणार होते, पण तीच आली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्याडम, तुमी सांगितलं तसंच केलं म्या. अजाबात हलू दिलं न्हाई. मग का वं उतरलं न्हाई? चूळ भराय लावली, त्यात काय चुकलं का?"

तिला अजून वाटतंय, औषध बरोबर होतं आणि हात तिचा चुकला.

म्हटलं, नाही, तुझं काही चुकलं नाही. पुढचं बोलणार तोवर गाडी लागली. खोटं. गाडी लागून बराच वेळ उभी होती. पुढचं बोलले नाही.

खिडकीतून हात केला तिनं.

२० जुलै

आईला सांगितलं. ती लगेच, "कुणाला बोललीस? नाही ना? मग गप्प बस. त्या बाईचं काय, चार महिन्यांनी येईल परत नांदायला." आई कधी असं बोलत नाही. घाबरलीये. माझी भीती कुठून आली ते आज कळलं.

तात्या काल डोळे उघडून बोलले म्हणे. चंची मागितली. आज परत ग्लानीत. एवढी बातमी ऐकून न्हाणीत जाऊन रडले. काठी आपटायची राहिली, हे बाहेर आल्यावर लक्षात आलं.

२२ जुलै, मंगळवार

रंजनाताईंनी घरोघर हिंडून बायका आणल्या. हौसाबाईही आल्या, मागे भिंतीला टेकून बसल्या. पोस्टर काढलंच नाही. म्हटलं, आज मी शिकवणार नाही. तुम्ही नाव न घेता काय काय म्हणता ते मला शिकवा. म्हणजे कुणाचा फोन आला तर मला कळेल.

आधी कुजबुज. मग एकेक. जनावर. लांबडं. आणि कोणीतरी, पान लागलं. फळ्यावर लिहिलं. खडू दोनदा मोडला.

हौसाबाई मागून, "आवं म्याडम, ह्ये तुमास्नी ठावं न्हवतं?"

"नव्हतं."

"मंग त्या दिशी आमच्या अलकीनं फोनवर" … एवढ्यावर त्या थांबल्या.

मी फळ्याकडेच तोंड करून होते. वळले. म्हटलं, ती पान लागलं म्हणाली. मला वाटलं, खायचं पान. झोपव मीच सांगितलं. उतरेल मीच म्हटलं. तिनं माझं ऐकलं. रेंज होती.

रंजनाताई माझ्याकडे बघेनात. हौसाबाई उठल्या, डोक्यावरून पदर घेतला, दारात चपला शोधत उभ्या राहिल्या. चपला समोरच होत्या. मग गेल्या. त्यांच्या मागे बाकीच्या.

आटपाडीला फोन लावतेय. रेंज नाही. आता खरंच नाही.

साताऱ्याहून आज काहीच निरोप नाही.

दिवेलागण. बाहेर चपलांचा आवाज. एकीचा नाही, बऱ्याच जणींचा, आणि एकदोन पुरुषही बोलताहेत. पायरीशी थांबलेत. कडी वाजवली. कोण, विचारलं. परत कडी.

सवयीनं हातात काठी घेतली होती. कोपऱ्यात ठेवली. उघडते.