आप्पा, तुमची हिरॉईन सांगलीहून यायची

आप्पा,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. उगाच तोंडदेखलं कशाला?

जत्रा कमिटी यंदा तुमच्या स्मरणार्थ पुस्तिका काढतेय. "ताई, आप्पास्नी काय काय आवडायचं, त्यावर चार वळी लिवा की," असं सरपंच म्हणाले. तुमच्या आवडी! घरात जन्मभर दुसऱ्या कुणाच्या चालल्या तरी का? म्हणून आधी माझ्या सांगते, आणि त्याही तुम्हालाच.

यंदा सगळ्यात आवडला तो माणमधल्या मेंढपाळ बाईचा सिनेमा. सासरी, विट्याच्या थेटरात बघितला. ती नवऱ्यापुढे काठी टाकून चालू लागते, तिथं मी एकटीच टाळ्या वाजवत होते. तुम्ही म्हणाला असता, "ह्यात काय हाय? गाणं न्हाई, फायटिंग न्हाई."

मालिका म्हणाल तर जिचं वाईत शूटिंग होतं ती. आजारपणात तुम्हीही तीच बघायचात. सासरा सुनेला नोकरी करू देत नाही म्हणून डोळे पुसायचात! मी शेजारी बसून तुमच्याकडे बघत राहायचे. लाज कशी वाटली नाही हो?

जत्रेच्या नाटकात हिरो कायम तुम्ही आणि हिरॉईन सांगलीहून बोलावलेली. गावची पोर स्टेजवर चढली की तिचं लग्न जमत नाही, हा तुमचाच कायदा. तालमीला मात्र मी चालायचे. बाई आदल्या दिवशी यायची, तोवर तिचे संवाद मी म्हणायचे. सगळं नाटक तोंडपाठ!

त्या वर्षी बाईची गाडी मिरजेजवळ बंद पडली. मी आईचं लुगडं नेसून तयार होते. आणि तुम्ही काय केलंत? चुलत्याच्या बाळूदादाची मिशी काढायला लावलीत! माझ्या अंगावरचं लुगडं त्याला नेसवलंत. मी विंगेतून संवाद सांगायचे, तो नुसतं तोंड हलवायचा. गाव पोट धरून हसलं.

"आवं, तिला यतंय की सगळं," आई म्हणाली. तुम्ही म्हणालात, "तू गप."

मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी बोलू दिलंत का कधी? राग आहे माझा, अजून आहे.

नाटकांत आवडलं ते सांगलीत बघितलेलं दोन बहिणींचं. थोरलीची भूमिका करणाऱ्या बाईला आत जाऊन भेटले. माझ्याच वयाची निघाली, आणि तिचं ते पहिलंच काम!

दुसऱ्या दिवशी सरपंचांना फोन केला. म्हटलं, या वर्षी बाई बाहेरून आणायची नाही, मी करणार. ते घुटमळले. "आप्पास्नी चाललं नसतं, ताई." मी म्हटलं, "मग त्यांनाच विचारून या."

पुस्तिकेत हे छापणार नाहीत, मला माहीत आहे. तुमच्या फोटोला हार घालून तो स्टेजवर ठेवायचं त्यांच्या मनात होतं. तेवढं मी होऊ दिलं नाही. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची धरलीय. फोटो तिथं राहील, तोंड स्टेजकडे करून. शब्द देते, एक वाक्य गाळणार नाही. तिन्ही अंक बसून बघा.

तुमची मुलगी,
सुमन