कानात सांगायचं नाव

पिंपळी, ता. बारामती
रविवार, दुपार

तीर्थरूप सिंधुआत्या यांना,

पिंपळीहून तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे तुमच्या नातवाकडून, समर्थकडून कळलं. डोळ्यात थेंब वेळेवर घालता ना? घालत नसणार. चुलीपुढे बसू नका, डोळा चोळू नका आणि डॉक्टरांना 'मला सगळं दिसतंय' असं सांगून लवकर सुटका करून घेऊ नका. उरलेल्या डोळ्याला त्रास नको म्हणून अक्षर मोठं काढते आहे. फोन का केला नाही, असं विचाराल. तुमचा फोन समर्थ स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवतो आणि मी इकडून 'तब्येत कशी आहे' विचारलं की इंदापुरातली अर्धी आळी 'बरी हाय' म्हणून सांगते. मला जे लिहायचं आहे ते आळीसाठी नाही.

सोनमला, माझ्या सुनेला, आठवा महिना लागला. पोर चांगली आहे. बारामतीत बँकेत नोकरी करते, कमी बोलते आणि बोलते ते मोजून. आमचा यशराज लोणी देवकरच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथे तो साठ माणसांना कामाला लावतो म्हणे. घरात त्याला एक नाव ठरवता येत नाही. मी दोघांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की, नाव ठेवणं हा आईबापांचा अधिकार आहे, मी त्यात पडणार नाही. (एकतीस वर्षं शाळेत दुसऱ्यांनी ठेवलेली नावं हजेरीत पुकारली, तेवढं पुरे झालं.) हे माझं वाक्य लक्षात ठेवा. पुढे जे जे झालं ते मी फक्त शिस्त राहावी म्हणून केलं.

सुरुवात यशराजने केली. त्याने मोबाईलवर 'नाव सुचवा' असा ग्रुप काढला. आधी घरची माणसं होती, मग कारखान्यातली आली, मग त्यांच्या बायका, आणि दोन दिवसांत त्यात चौऱ्याहत्तर लोक झाले. त्यातला एक जण आमच्या मोटारीची वाइंडिंग करतो, त्याने सगळ्यात जास्त नावं पाठवली. रियांश, विवांश, दिव्यांश, ज्याला त्याला शेवटी अंश. मी अर्थ विचारला तर यशराज म्हणाला, सूर्याचा अंश. गावात घरटी एकेक सूर्याचा अंश जन्माला घातल्यावर उन्हाळा वाढला तर त्यात नवल काय, असं मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर एकोणीस जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. ही मंडळी पटल्यावरही हात जोडतात आणि माणूस गेल्यावरही जोडतात, तेव्हा नेमकं काय झालं ते मला कळलं नाही.

तेवढ्यात ह्यांनी वेगळाच उद्योग केला. ह्यांना आपल्या वडिलांचं, जोतीराम हे नाव नातवाला द्यायचं आहे. पण तोंडाने सांगतील तर ते हिंदुराव कसले. बारामतीला टायर बघायला जातो म्हणून ट्रॅक्टर घेऊन गेले आणि परत आले ते बॉनेटवर पिवळ्या अक्षरांत 'जोतीराम' रंगवून. बाजूला दोन मोर काढलेले. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "सवय व्हावी म्हणून. रोज येता-जाता वाचलं की नाव आपोआप बसतं." पुढच्याच आठवड्यात आमचे व्याही, सोनमचे वडील, घरी आले. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "नाव झकास आहे, ट्रॅक्टरला अगदी शोभतं." ह्यांनी त्या दिवसापासून व्याह्यांशी उसाच्या लागणीखेरीज दुसऱ्या विषयावर बोलणं बंद केलं आहे. व्याह्यांना ऊस नाही. ते बारामतीत चष्म्याचं दुकान चालवतात. त्यामुळे दोघांची भेट झाली की अर्धा तास फार शांततेत जातो.

आता मला सांगा, मुलगा की मुलगी हे कोणाला माहीत आहे? ते आधी विचारायचं नसतं, कायद्यानेही विचारायचं नसतं. पण आमच्या चुलत जाऊबाई, छबूबाई, यांना सगळं ठाऊक आहे. त्यांनी सोनमला अंगणातून चालताना पाहिलं आणि निकाल लावला. "उजवा पाय म्होरं टाकती. पोरगाच हाय." मी म्हटलं, पलटणीतले जवान जन्मभर डावा पाय आधी टाकतात, त्या सगळ्यांना काय मुलीच होतात? तर म्हणतात कशा, "तुमी शिकल्याल्या, बाई. तुमाला न्हाय कळायचं." मला राग आला तो याचा नाही. मी त्या रात्री ग्रुपवरची नावं वहीत उतरवून काढली. मुलांची सेहेचाळीस आणि मुलींची तीन. त्या तिनांतलं एक 'काहीही चालेल' असं होतं.

मग मला लक्ष घालणं भाग पडलं. मागच्या रविवारी सगळ्यांना पडवीत बसवलं, हजेरीपुस्तकासारखी वही आखली, मध्ये उभी रेघ मारली, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला मुलगी. जो मुलाचं एक नाव देईल त्याने मुलीचंही एक द्यायचं, नाहीतर मुलाचं धरलं जाणार नाही. छबूबाईंनी मुलीचं नाव देईपर्यंत त्यांचा चहा थांबवला. (त्यांनी शेवटी स्वतःचंच दिलं. चहा निवला होता, पण प्यायल्या.) लाल पेन माझ्याकडे. पण त्यात एक अडचण निघाली, जी मी आधी ध्यानात घ्यायला हवी होती. कोणतंही नाव उच्चारलं की माझ्यासमोर त्या नावाचा विद्यार्थी येऊन उभा राहतो. मल्हार म्हटलं की खडूच्या डब्यात सरडा. ऋतुजा म्हटलं की पाचवी ते दहावी तोच एक निबंध, फक्त वरचं शीर्षक बदललेलं, कधी माझी आई, कधी माझा आवडता पक्षी. अथर्वला तर सात वर्षांत स्वतःची चप्पल ओळखता आली नाही, आणि आता तो पतपेढीत लोकांच्या सह्या ओळखतो. माझ्या पेनने भराभर रेघा ओढल्या. यशराज म्हणाला, "आई, असं केलंस तर बाळाला नुसता नंबर द्यावा लागेल." मी सांगितलं, नंबर हजेरीतच मिळतो आणि हजेरीला आधी नाव लागतं.

तोवर सोनम शेंगा सोलत होती. सगळे दमल्यावर तिने शांतपणे विचारलं, "केतकी कसं वाटतं?"

यशराज म्हणाला, छान आहे की. व्याही म्हणाले, छान आहे. ह्यांनी वर पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, म्हणाले, "कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय," आणि पुन्हा चहात बिस्कीट बुडवलं. आणि आत्या, मी ते नाव खोडलं. एकदा नाही, दोनदा रेघ मारली. कारण काय, असं यशराजने विचारलं, तर मी म्हणाले, केवड्याच्या बनात नाग असतो. त्याने मला वर्षानुवर्षं अंधश्रद्धेवर भाषणं देताना ऐकलं आहे. मी म्हटलं, नाग ही अंधश्रद्धा नव्हे, सरपटणारा प्राणी आहे. सोनमने पुढची शेंग घेतली. विषय संपला.

आता वहीची स्थिती अशी आहे. मुलाच्या रकान्यात ओजस हे नाव चिठ्ठी टाकून ठरलं. (जोतीरामची चिठ्ठी ह्यांनी मुद्दाम जाड घडी घालून टाकली होती, म्हणजे हाताला लागावी. मी ती काढून पातळ केली.) मुलीच्या रकान्यात सगळ्यांवर रेघा आहेत आणि खाली कोरा कागद. यशराज म्हणतो, बघू तेव्हाचं तेव्हा.

बारसं आमच्याकडेच पिंपळीला आहे, कारण व्याह्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद. आत्याचा मान आमच्या श्रेयाचा, पण ती जर्मनीत, आणि तिला तेव्हा रजा नाही. तिने सुचवलं की पाळण्यात मोबाईल ठेवा, मी व्हिडिओवरून नाव सांगते. मी साफ नाही म्हटलं. आमच्या पडवीतली रेंज तुम्हाला माहीत आहे. ती तिकडून कुर्र करणार आणि ते इकडे पोचेपर्यंत बाळ रांगायला लागणार. शिवाय नाव सांगताना आत्याच्या पाठीत बुक्के मारायचे असतात, ते कोणाच्या मारायचे, मोबाईलच्या? म्हणून त्याच सभेत मी शेवटी एक ठराव मांडला की, बाळाची आत्या हजर नसेल तर वयाने सर्वांत मोठ्या आत्याने मान घ्यावा. कोणाची आत्या ते लिहिलं नाही. चहा झाला होता, लोकांना घरी जायचं होतं, एकमताने मंजूर झाला.

असो. नावाचं जे व्हायचं ते होईल, मला त्यात रस नाही, हे पुन्हा एकदा लिहिते. तुमची काळजी घ्या. समर्थला म्हणावं थेंबाची बाटली थंड जागी ठेव, देव्हाऱ्यात नको.

आपली आज्ञाधारक भाची,
सौ. सुनंदा

ता. क. १ : ती सर्वांत मोठी आत्या तुम्ही आहात, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. बारशाला गाडी पाठवते. तुम्ही म्हणाल, मी विधवा बाई, मी पाळण्याजवळ कशी येऊ. ही सबब इथे चालणार नाही. छबूबाई कुजबुजतील, त्यांच्या चहाचं मी बघते.

ता. क. २ : हे पान एकट्याने वाचा आणि मग फाडा. चौसष्ट वर्षांपूर्वी तुमच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, माझं नाव सुभद्रा ठेवायचं पक्कं केलं होतं. कळशीवर तसं नाव घालूनसुद्धा आणलं होतं. तुम्ही वीस वर्षांच्या, सातवी पास, पाळण्यावर वाकलात आणि माझ्या कानात केतकी म्हणालात. तुमच्या पाठीत त्या दिवशी बुक्के जरा जास्तच जोरात बसले असं आई सांगायची. आजी चार महिने तुमच्याशी बोलली नाही आणि तुमचं एकच उत्तर, "कानात गेलं ते गेलं, आता काढायचं कसं?" माहेरच्या त्या कळशीवर अजून सुभद्रा आहे, आणि त्या नावाची मुलगी आपल्या घरात कधी जन्मलीच नाही. मी मात्र बावीस वर्षं केतकी होते. मग लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनंदा लिहिलं. ते तांदूळ संध्याकाळी भाताला गेले, नाव राहिलं. मी तक्रार करत नाही, सुनंदा चांगलं नाव आहे, शाळेत त्याचा धाक होता. पण त्या जुन्या नावाने हाक मारणारं आता तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि तुमचा एक डोळा अजून व्हायचा आहे. सभेत सोनमच्या तोंडून ते अचानक आलं तेव्हा मला वाटलं, माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल, म्हणून पेन आडवं घातलं. आता माझ्याच रेघेवर मी पुन्हा कशी लिहू? उद्या छबूबाईसुद्धा रेघा पुसायला सांगतील. तेव्हा तुम्ही वाकाल तेव्हा काय करायचं, ते मी सांगायला नको. सभेचा ठराव मोडायचा नाही. पण कान सभेच्या अखत्यारीत येत नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात सोनम डिंकाची बाटली घेऊन आली. म्हणाली, "आत्याआजींना माझाही नमस्कार लिहा. आणि विचारा, तुमच्या पदवीच्या कागदावरचं नाव त्यांना कुठून सुचलं होतं." यशराजचा जन्मदाखला शोधायला तिने महिन्यापूर्वी माझी ट्रंक उघडली होती, किल्ली मीच दिली होती. मी म्हटलं, कमी बोलत जा. ती म्हणाली, बरं. बाटलीचं झाकण लावून गेली, हसली नाही, हे तिचं शहाणपण. बेत तोच ठेवा. मी तिला फक्त एवढंच सांगणार आहे की, त्या दिवशी पाठीत बुक्के मारताना हात हलका ठेव, आत्याआजींचं वय चौऱ्याऐंशी आहे.

ता. क. ४ : मुलगा झाला तर काय हवं ते ठेवू द्या. हवं तर ट्रॅक्टरवरून वाचून सांगा. वर सवयीने दुसरीच सही झाली आहे, ती खोडलेली समजा.

तुमची,
केतकी