बर्फाच्या कप्प्यातली बाटली

नाशिक रोड, १२ मे १९८१

आईच्या लघवीची परीक्षानळी आजही विटकरी, म्हणजे साखर भरपूर. चौथा दिवस. इन्सुलिन मीच टोचतो, नेहमीएवढंच, मग साखर उतरत का नाही?

ऊन वाढलं म्हणून शुक्रवारी इन्सुलिनची बाटली माठाजवळून उचलून शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये ठेवायला दिली. रोज वहिनीच ती तासभर आधी काढून आणून देत. आज मीच आणायला गेलो, तर वहिनींनी ती बर्फाच्या कप्प्यातून काढली.

इन्सुलिन हे प्रथिन; गोठलं की त्याच्या गुठळ्या होतात. मग पेशीच्या आवरणावरच्या रिसेप्टरला, म्हणजे इन्सुलिन पकडणाऱ्या जागेला, ते धरता येत नाही. प्रथिनाच्या आकारावरच सगळं अवलंबून, हे मी कॉलेजात दरवर्षी शिकवतो.

बाटली घेऊन घरी आलो. विटकरी नळी अजून मोरीत आहे.

शुक्रवारी त्यांनी विचारलं होतं, "कुठल्या कप्प्यात ठेवू, भाऊजी?"

मी म्हणालो होतो, "कुठेही. गार राहिलं म्हणजे झालं."